विचारलं तर सांगेन

आपल्याकडे गोळ्या खोक्यात मिळत नाहीत, स्ट्रिपमध्ये मिळतात. स्ट्रिपसुद्धा पुष्कळदा कात्रीने कापून. खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद, ज्यावर काय काय होऊ शकतं ते लिहिलेलं असतं, तो दुकानदाराच्या काउंटरमागेच राहतो. तापाच्या गोळीला त्याने फारसं बिघडत नाही. डिप्रेशनच्या गोळीला बिघडतं. ही गोळी गुण द्यायला तीन-चार आठवडे घेते, कधी सहा, आणि त्रास द्यायला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरुवात करते. म्हणजे पहिला महिनाभर तुमच्या पदरात नुसता तोटा. हा तोटा कशाचा, तो किती दिवस टिकतो, हे कोणी सांगितलेलं नसलं की माणूस आपलं आपण ठरवतो की आपल्याला ही गोळी 'सोसत नाही'. गोळी बंद. पुढे काय होतं ते कोणी मोजत नाही.

मी अलोऱ्याला राहते. चिपळूणहून कराडच्या दिशेने निघालात, कुंभार्ली घाट चढायच्या आधी, की आमचा भाग लागतो. कोयना प्रकल्पासाठी वसवलेली कॉलनी, अर्धी क्वार्टर्स आता रिकामी, भिंतींतून पिंपळ आलेले. सासरे प्रकल्पातून निवृत्त झाले आणि कॉलनीच्या कडेला त्यांनी घर बांधलं. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे. मी मूळची चिपळूणची, बाजारपेठेत वडिलांचं कटलरीचं दुकान. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी त्या दुकानाच्या छताला लागलं. त्या वेळी मी रडले नाही. पंधरा दिवस चिखल उपसला, बांगड्यांचे खोके धुतले, पंचनाम्याचे फोटो काढले. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. आणि डिसेंबरात, काहीही बिघडलेलं नसताना, मला सकाळी अंथरुणातून उठता येईना.

ते दिवस मी इथे सांगत बसत नाही. डिप्रेशन कसं असतं यावर आता बरंच लिहिलं जातं, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पुष्कळांनी पाहिलाय. गोळी सुरू झाल्यावर शरीराचं काय होतं यावर मात्र कोणी बोलत नाही, म्हणून त्याबद्दल.

फेब्रुवारी २०२३मध्ये चिपळूणच्या एका डॉक्टरांनी सरट्रालिन लिहून दिली. आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. डॉक्टर चांगले होते. त्यांनी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, पहिले काही आठवडे हिला एकटीला सोडू नका. मी तेव्हा चोवीसची होते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ साली मुलांसाठी आणि २००७मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या काळात काही जणांमध्ये जीव देण्याचे विचार वाढू शकतात. सगळ्यांमध्ये नाही, बहुतेकांमध्ये नाही. पण घरात एकाला तरी माहीत हवं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नुकतीच गोळी सुरू केली असेल आणि घरात सांगण्यासारखं कोणीच नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

मला तसले विचार आले नाहीत. मला उलट्या आल्या.

पहिले आठ दिवस सकाळी चहाचा वास आला की पोटात कालवायचं. दिवसभर जांभया, झोप आल्यासारख्या नाहीत, यंत्राने दिल्यासारख्या. जबडा आवळलेला. हाताला बारीक कंप, चहाचा कप बशीवर टकटक वाजायचा. आणि घाम. फेब्रुवारीत, पहाटेच्या गारव्यात, मानेखालची उशी ओली.

सासूबाई सगळं बघत होत्या. गोळी त्यांना माहीत नव्हती. नवरा आणि मी मिळून ठरवलं होतं की आत्ताच नको. पाचव्या दिवशी मी मोरीपाशी ओकारी काढून उठले तर त्या मागे उभ्या. काही बोलल्या नाहीत. दुपारी आमसुलाचं सार केलं, माझ्या पानात लिंबाचं जुनं लोणचं वाढलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती दिवस झाले गो?"

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून अंगावर काटा आला. पोफळीच्या त्यांच्या बहिणीला फोन गेलासुद्धा होता.

मी म्हटलं, "आई, तसं नाही. मी गोळी घेत्ये. मनाची."

त्या बऱ्याच वेळ ताटाकडे बघत बसल्या. मी वाट बघत होते की आता 'रत्नागिरी' येणार. आमच्या जिल्ह्यात कोणी जरा वेडंवाकडं वागलं की 'ह्याला रत्नागिरीला धाडा' म्हणतात. १८८६पासून तिथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ही चेष्टा चार-पाच पिढ्यांची. पण त्या म्हणाल्या, "मग त्या गोळीचं पथ्य काय असतं? डॉक्टरनी सांगितलं नाय?"

पथ्य. डॉक्टरांकडून मला असा शब्द मिळाला नव्हता. 'साईड इफेक्ट' म्हटलं की काहीतरी चुकीचं, विषारी वाटतं. पथ्य म्हटलं की औषध आणि शरीर यांचा काहीतरी व्यवहार आहे, तो सांभाळायचा आहे, असं वाटतं. पथ्य फारसं नव्हतंच. पोटभर खाल्ल्यावर घ्यायची, बस. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला नाश्त्याला दोन घास भाकरी खाल्ल्याशिवाय गोळी घेऊ दिली नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी मळमळ गेली. ती तशीही गेलीच असती, बहुतेकांची जाते. पण भाकरीमुळे गेली असं त्यांचं मत आहे आणि ते मी खोडून काढणार नाही.

डोक्यासाठी घेतलेली गोळी पोटात का गडबड करते, हा प्रश्न मला तेव्हा फार छळत होता. उत्तर सोपं निघालं. ज्या सेरोटोनिनवर या गोळ्या काम करतात, त्यातलं सुमारे ९० टक्के मेंदूत नसतंच, आतड्यात असतं. रक्तातल्या प्लेटलेटसुद्धा ते साठवून ठेवतात, जखम झाली की रक्त गोठायला ते लागतं. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं तेही रक्ताच्या सीरममधून, म्हणून नावात 'सेरो'. मेंदूत ते सापडलं नंतर. मेंदूचा पत्ता लिहून पाठवलेलं पाकीट पोस्टमन वाटेतल्या प्रत्येक घरात उघडून दाखवतो, तसं काहीसं.

प्लेटलेटवरून दुसरं पथ्य निघालं, ते मी स्वतः शोधलं. या गोळ्यांबरोबर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आमच्या घरात गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकचं पाकीट फ्रिजवरच असतं. डोकं दुखलं, कंबर दुखली, दाढ दुखली, कोणीही घ्यावी. आता माझ्यासाठी पॅरासिटामॉल वेगळी ठेवतात.

साईड इफेक्टच्या बाबतीत मला आणखी एका गोष्टीची गंमत वाटते. डिप्रेशनवरचं अगदी सुरुवातीचं औषध स्वतःच एका साईड इफेक्टमधून आलं. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देत होते. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होत होतं, पण वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं हसायला, जेवण मागायला लागली. पाच-एक वर्षांत ते औषध उदासीसाठी देऊ लागले. पुढे त्याने यकृताला इजा होते असं दिसलं आणि ते बाजारातून गेलं. उलटी गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर कशी काम करते याचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. मग सर्पगंधेतलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, जगभर दिलं गेलं, आणि ते घेणारे काही रुग्ण उदास होतात अशा नोंदी येऊ लागल्या. रेसर्पिनने मेंदूतलं सेरोटोनिन घटतं हे प्रयोगशाळेत दिसलं, आणि त्यावरून उदासी म्हणजे या रसायनांची कमतरता असा तर्क निघाला. आज इतकं सरळ कोणी मानत नाही. पण आपण खातो त्या गोळीच्या मागे ही सगळी वाट आहे. कोणीतरी 'डॉक्टर, मला या औषधाने असं होतंय' म्हणालं आणि कोणीतरी ते लिहून घेतलं.

आता जे लिहून घेतलं जात नाही, त्याबद्दल.

एप्रिलपर्यंत मी बरी होत होते. उठत होते, चिपळूणला दुकानात जाऊन वडिलांना मदत करत होते, मोबाईलवर मैत्रिणींना स्वतःहून उत्तरं देत होते. आणि नवरा रात्री जवळ आला की माझ्या अंगाला काही कळत नव्हतं. नको असं नव्हतं. हवं असंही नव्हतं. हातमोजा घालून दूध तापलंय का बघावं तसं. शेवटपर्यंत पोचणं तर बंदच झालं. मी दोन महिने नाटक केलं, मग ते जमेना. तो शिफ्टहून यायचा, कूस वळवून झोपायचा. एकदा अंधारात म्हणाला, "आजारी होतीस तेव्हा निदान माझ्याकडे बघून रडायचीस तरी."

त्याला वाटत होतं की मी बरी झाल्ये आणि मला तो नकोसा झालाय. मला वाटत होतं, हे डिप्रेशनच आहे, उरलेलं. गोळीचा संशय आम्हा दोघांनाही आला नाही, कारण डॉक्टरांकडे दर महिन्याला प्रश्न यायचा तो 'झोप कशी आहे, भूक कशी आहे, मूड कसा आहे'. बाकी काही त्रास? नाही. बाहेर पुढचा पेशंट, आत मी, शेजारी खुर्चीवर सासरे, कारण चिपळूणला गाडी तेच चालवत न्यायचे. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते?

स्पेनमधल्या डॉक्टरांचा १९९७ साली छापलेला एक अभ्यास आहे. या जातीच्या गोळ्या घेणारे ३४४ रुग्ण. लैंगिक त्रास होतो असं आपणहून सांगणारे निघाले १४ टक्के. त्याच लोकांना सरळ विचारलं, तेव्हा ५८ टक्के. मधले ४४ टक्के, म्हणजे दीडशे माणसं, विचारण्याची वाट बघत बसली होती. स्पेनमध्ये. अलोऱ्यात सुनेने सासऱ्यांसमोर बोलायची टक्केवारी काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

हे आकडे मी ऑगस्टमध्ये वाचले. त्याच्या आधी जुलै आला.

पावसात आमच्याकडे काय होतं ते सांगायला हवं. डोंगराच्या पोटात राज्यासाठी जवळजवळ दोन हजार मेगावॅट वीज तयार करणारा प्रकल्प, आणि त्याच्या पायथ्याशी आमचे दिवे रात्र रात्र नसतात. वाशिष्ठी भरली की चिपळूणला जायचं नाही, माझ्या बाबतीत तर अजिबात नाही, पाण्याचा रंग बघूनच मला घाम फुटतो. त्या जुलैत गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी पाऊस लागला. जवळच्या दुकानात सरट्रालिन ठेवत नाहीत, 'मागवून देतो' म्हणाले, आणि गाडी आली नाही. चार दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मी पायरी उतरताना डावीकडे बघितलं आणि डोक्यात वीज चमकली. दुखलं नाही. सैल वायर बोर्डाला लागून टिकटिकते ना, तसं, एक क्षणभर, आणि ते कानातून खाली दातांपर्यंत गेलं. डोळे फिरवले की पुन्हा. चक्कर, चिडचिड, रात्री इतकी स्पष्ट स्वप्नं की सकाळी कोणाशी खरंच भांडले हे आठवावं लागे. मला वाटलं फिट येणार. मग मोबाईलला रेंज आली तेव्हा शोधलं. गोळी एकदम थांबली की काही लोकांना हे होतं, जगभर लोक त्याला 'मेंदूचे झटके' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. व्यसन नव्हे हे. मेंदूने मधल्या काळात त्या गोळीनुसार आपली घडी बसवलेली असते आणि ती अचानक विस्कटते, म्हणून या गोळ्या बंद करायच्या तरी हळूहळू उतरवत करायच्या. गोळी मिळाल्यावर दोन दिवसांत सगळं थांबलं. आता पावसाळ्याआधी दीड महिन्याच्या गोळ्या घरात असतात. तांदूळ, कांदे, सुकट आणि सरट्रालिन, असं सासरे म्हणायचे.

पण या सगळ्यात सुखरूप सुटण्याचीच गोष्ट असते असं नाही. ऑगस्टच्या शेवटी कॉलनीतल्या एका काकूंचं झालं ते मी विसरू शकत नाही. साठी ओलांडलेल्या. नवरा गेल्यानंतर त्यांना अशीच एक गोळी सुरू केली होती. रक्तदाबाची गोळी आधीपासून होती, लघवी वाढवणाऱ्या औषधाची. तीन आठवड्यांनी त्या अडखळायला लागल्या, डोकं दुखतं म्हणायच्या, मग एका संध्याकाळी स्वतःच्या मुलाला 'आपण कोण?' विचारलं. कॉलनीत तासाभरात दोन निदानं झाली. एक, डोक्याच्या गोळीने डोकं गेलं. दोन, बाहेरचं. कोणीतरी अंगारा आणायला निघालंही होतं. मुलाने त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम १३५च्या वर असायला हवं, त्यांचं ११७ होतं. या गोळ्या काही जणांच्या शरीरात पाणी साठवून ठेवायला लावतात आणि सोडियम पातळ होतं. वय जास्त, बाई, वरून लघवीची गोळी, असं जुळून आलं की धोका फार वाढतो, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. एक साधी रक्ततपासणी असते त्याची. सोडियम एकदम वाढवूनही चालत नाही, मेंदूला इजा होते, त्यामुळे थेंब थेंब वाढवत आठवडाभर त्यांना ठेवून घेतलं. त्या परत आल्या, माणसं ओळखू लागल्या. दुसरी गोळी मिळाली. पण कॉलनीत आजही त्यांचं उदाहरण 'मनाची औषधं घेऊ नयेत' यासाठी देतात. 'सोडियम तपासा' यासाठी नाही.

त्या आठवड्यात मी ठरवलं. सप्टेंबरच्या तारखेला नवऱ्याने रजा टाकली, सासऱ्यांना घरी ठेवलं. आणि तरीही आत गेल्यावर माझी वाचा बसली. मी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून नेलं होतं, तो मोबाईलच डॉक्टरांपुढे सरकवला. त्यांनी वाचलं. लाजले नाहीत, हसले नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "हे गोळीचं आहे. तुमच्या दोघांचं नाही."

नवरा खाली फरशीकडे बघत होता. बाहेर येऊन त्याने रसवंतीत दोन ग्लास रस सांगितला आणि तो प्यायचा विसरला.

डॉक्टरांनी पर्याय सांगितले: थोडं थांबून बघणं, डोस कमी करणं, औषध बदलणं. मी पाच महिने थांबलेच होते, आणि डोस कमी केला तर डिसेंबर परत येईल ही भीती होती. मग आधी कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, हे नीट विचारून त्यांनी बुप्रोपिऑन हळूहळू चढवली आणि सरट्रालिन हळूहळू उतरवली. ज्याला फिट येतात त्याला ही गोळी देत नाहीत. या गोळीने तो एक त्रास सहसा होत नाही. दुसरे होतात. माझं तोंड वाळतं, रात्री उशाशी तांब्या लागतो. झोप पहाटे चारला उडते ती उडतेच, म्हणून दुसरा डोस संध्याकाळी पाचच्या पुढे घ्यायचा नाही. पोट साफ होत नाही, त्यावर सासूबाईंचे उपाय चालू आहेत. सहा आठवड्यांनी शरीर परत माझं वाटायला लागलं, आधी वासांपासून. पहिल्यांदा मला नवऱ्याच्या शर्टाचा कंपनीतला तो आंबूस केमिकलचा वास आला आणि मी त्याच्यावर ओरडले की आंघोळ कर. तो खूप वेळ हसत होता.

आता डॉक्टर मला दर वेळी विचारतात. इतरांना विचारतात का, माहीत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बायांकडे बघून मला ते विचारावंसं वाटतं आणि मी विचारत नाही.

पुढची तारीख महिन्याअखेरीस आहे. फोनमधल्या यादीत तीन ओळी झाल्यात. पहाटेची झोप. डाव्या हाताचा कंप, तो परत सुरू झालाय. तिसरी ओळ सासूबाईंनी काल भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, लिहून घ्यायला सांगितली: दिवस राहिले तर हीच गोळी चालते, की बदलायला लागते, आणि बदलायची तर किती आधीपासून.